साठ हजारांची शांतता

‘घर पाहावं बांधून आणि लग्न पाहावं करून’ असं आपले वाडवडील सांगून गेले. त्यांच्या काळी कॉम्प्युटर नव्हता, नाहीतर ‘कॉम्प्युटर पाहावा जोडून’ हे तिसरं शहाणपणही त्यांनी या म्हणीच्या शेपटीला बांधलं असतं, याबद्दल मला तरी शंका नाही. घर मी बांधलेलं नाही. लग्नाला अजून अवकाश आहे, निदान आईचं तरी तसं मत आहे. पण कॉम्प्युटर मात्र मी २०२४ च्या जानेवारीत सुटे भाग आणून स्वतःच्या हातांनी जोडला. तोही कशासाठी, तर खेळ खेळण्यासाठी! कॉमर्सच्या विद्यार्थ्याने ही गोष्ट वार्षिकांकात छापील कबूल करावी का, असा प्रश्न आमच्या काही प्राध्यापकांना पडेल. त्यांनी कृपा करून लेख शेवटपर्यंत वाचावा. यात हिशेबही आहे.

आमचं घर शहापुरात. पुढे एक खोली, मागे एक खोली आणि त्यामागे पडवी. आप्पांनी अठ्ठावीस वर्षं यंत्रमागावर काढली. शहापूर, वडगाव, खासबागेतल्या मित्रांना मागाच्या शेडमधला आवाज सांगायला नको. तिथे शेजारच्या माणसाशी बोलायचं तरी त्याच्या कानाला तोंड लावावं लागतं. कारखान्यात आठ तासांच्या पाळीला ९० डेसिबलपेक्षा जास्त आवाज असू नये असा नियम आहे, हे मला आता कळलं. आप्पांना त्या वेळी कुणी कानात घालायला कापसाचा बोळादेखील दिला नाही. आणि गंमत अशी की चहूकडे होतं ते सूतच! आता आप्पांशी मोठ्याने बोलावं लागतं. रात्री ते एकदा झोपले की उशाशी फटाके लावले तरी त्यांना पत्ता लागायचा नाही. आई दिवसभराच्या कामाने दमून आत झोपते. पुढच्या खोलीत माझं टेबल, माझी चटई आणि खिडकीखालच्या कॉटवर आज्जी. थोडक्यात, रात्री दहानंतर या घराचे कान म्हणजे मी.

या कानांनी एकदा दगा दिला. माझ्याकडे पूर्वी एक जुना, दुसऱ्या हाताचा कॉम्प्युटर होता. खेळ सुरू झाला की त्याचे पंखे असे काही घोंघावत, की जणू आप्पांचा माग घरात आला आहे. तो आवाज ऐकू येऊ नये म्हणून मी कानांवर हेडफोन घट्ट चढवायचा. २०२३ च्या जूनमधली एक रात्र. बाहेर पाऊस, आत पंखे, कानात बंदुका. आज्जीने पाण्यासाठी हाक मारली. किती वेळा मारली, ते तिने मला अजूनही सांगितलेलं नाही. शेवटी ती स्वतःच उठली आणि उंबऱ्याला अडखळून पडली. उजवं मनगट मोडलं. सहा आठवडे प्लास्टर होतं आणि त्या सहा आठवड्यांत मी तिला रोज भात कालवून भरवला. ती मला एका शब्दाने बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

आप्पांनी मात्र फर्मान काढलं, “रात्री मिशीन बंद.” ते योग्यच होतं. पण दिवसा कॉलेज, दुपारनंतर एका कापड व्यापाऱ्याकडे जमाखर्च आणि जीएसटीच्या नोंदी, आणि मग घरी येऊन अभ्यास. मला मोकळा वेळ मिळायचा तो रात्रीच. आईने एक तोड सुचवली, आज्जीच्या उशाशी घंटा ठेवावी. आज्जीने ती साफ नाकारली. म्हणाली, “घंटा देवाला वाजवतात. पोराला हाक मारतात.” यावर कुणाची बोलायची टाप नव्हती.

तेव्हा प्रश्न असा उरला : आज्जीची हाक ऐकू येईल असा कॉम्प्युटर मिळतो का? आणि मिळत असला तर माझ्या पैशांत बसतो का? माझे पैसे म्हणजे दरमहा चार हजार बाजूला टाकून पंधरा महिन्यांत साठलेले साठ हजार. त्यापुढे एक रुपयाही नाही, असं मी वहीच्या पहिल्याच पानावर लिहून ठेवलं.

पुढचे सहा महिने मी आवाजाचा अभ्यास केला. एवढा अभ्यास कॉस्टिंगचा केला असता तर सर खूश झाले असते. पहिली गोष्ट कळली ती ही, की कॉम्प्युटर स्वतः ओरडत नाही. त्याची उष्णता ओरडते. जेवढी वीज आत जाते तेवढी सगळी शेवटी उष्णता होऊन बाहेर पडते, आणि ती बाहेर काढायला पंखे धावतात. तेव्हा शांतता हवी असेल तर आधी कमी वीज खाणारे भाग घ्यावेत, पंख्यांचा विचार नंतर करावा. दुसरी गोष्ट, पंख्याची गती निम्मी केली तर हवा निम्मी होते, पण आवाज मात्र सुमारे १५ डेसिबलनी उतरतो. आणि १० डेसिबल उतरले की कानाला आवाज साधारण निम्मा वाटतो. म्हणजे लहान पंखा जोरात पळवण्यापेक्षा मोठा पंखा सावकाश फिरवणं केव्हाही फायद्याचं. आज्जीला हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, “मग नवीन काय? धावणारं माणूस धापा टाकतंयच की.”

आता हिशेब. माझा जुना मॉनिटर सेकंदाला ७५ चित्रं दाखवतो. यंत्राने १४० चित्रं काढली तरी मला दिसणार ७५ च. प्रा. मार्शल यांचा घटत्या सीमांत उपयोगितेचा नियम आपण सगळ्यांनी परीक्षेसाठी पाठ केला आहे. मला तो ग्राफिक्स कार्डाच्या किमती मांडताना पहिल्यांदा समजला. माझ्या निवडीपेक्षा वरचं कार्ड आठ हजारांनी महाग होतं, आणि त्या आठ हजारांची माझ्या मॉनिटरवर दिसणारी उपयोगिता होती शून्य. शिवाय मला ज्याची फार ओढ होती तो ‘एल्डन रिंग’ हा २०२२ सालचा खेळ मुळातच सेकंदाला ६० चित्रांच्या वर जात नाही. तिथे लाखाचं यंत्र आणि माझं यंत्र एकाच पंगतीला बसतात!

म्हणून कार्ड घेतलं ते रेडिऑन आरएक्स ६६००. ते २०२१ च्या ऑक्टोबरात बाजारात आलं, म्हणजे जुनंच. पण आठ जीबी मेमरी आणि वीज १३२ वॅट. किंमत २१,०००. प्रोसेसर रायझन ५ ५६००. सहा कोअर, ६५ वॅट, १२,०००. बोर्ड ८,५००, सोळा जीबी रॅम ३,६००, एक टीबीचा एसएसडी ४,८००. जुनी फिरती हार्डडिस्क मी मुद्दाम घेतली नाही. तिच्यात तबकड्या गरगरतात आणि खरखरतात. एसएसडीत हलणारं काहीच नसतं. प्रोसेसरच्या डब्यात एक छोटा कूलर फुकट मिळतो. तो काम करतो, पण लहान चणीचा असल्यामुळे भार आला की किरकिरतो. तिथे मात्र मी हात सैल सोडला आणि १,९०० रुपयांचा उंच कूलर घेतला. साऱ्या खरेदीत चैन म्हणावी ती एवढीच.

खरेदीला गेलो तेव्हा दुकानदार कन्नड बोलणारे, वयाने वडीलधारे आणि प्रेमळ होते. पण व्यापार तो व्यापार. मी म्हटलं, “अण्णा, सद्दु बरबारदु.” आवाज येता कामा नये. ते हसले आणि त्यांनी पाण्याने थंड करणारा कूलर काढला. “तम्मा, ह्याला सद्दु नाही.” पण त्यात पंप असतो, पंपाला स्वतःचा आवाज असतो आणि पंखे काही सुटत नाहीत. ६५ वॅटच्या प्रोसेसरला तो म्हणजे वाटीभर भाजीला लग्नातलं पातेलं. मग त्यांनी ८५० वॅटचा एसएमपीएस दाखवला. मी वहीत मांडून नेलं होतं : सगळं मिळून भर खेळात सुमारे २६० वॅट. ५५० वॅटचा घेतला की तो अर्ध्या भारावर चालतो. अर्ध्या भारावर तो विजेची उधळपट्टी कमी करतो, तापतो कमी आणि ओरडतोही कमी. तो ४,१०० रुपयांचा घेतला. दुकानदारांनी माझी वही हातात घेतली, बेरीज तपासली आणि म्हणाले, “लेक्क सरी इदे.” हिशेब बरोबर आहे. त्या दिवशी बी.कॉम.ला प्रवेश घेतल्याचं सार्थक झालं!

आणि इतका शहाणपणा केल्यावर मी माती खाल्ली ती कॅबिनेटमध्ये. दुकानात एक काचेच्या दर्शनी भागाचं, आत रंगीबेरंगी दिवे फिरणारं कॅबिनेट होतं. गणपतीची आरास असावी तसं. ३,४०० रुपये. सहा महिन्यांचा अभ्यास त्या दिव्यांपुढे विझला. एकूण बेरीज ५९,३०० झाली. सातशे वाचवले या आनंदात मी घरी आलो, रात्री जागून सगळं जोडलं आणि खेळ सुरू केला. दहा मिनिटांत पंखे पुन्हा माग चालवू लागले.

मी डोक्याला हात लावून बसलो होतो. पंधरा महिन्यांची कमाई समोर ओरडत होती आणि कॉटवर आज्जी कूस बदलत होती. तेवढ्यात आप्पा पाणी प्यायला उठले. त्यांना आवाज ऐकू येत नव्हता, पण माझा चेहरा दिसला. ते टेबलाजवळ आले आणि त्यांनी कॅबिनेटवर तळहात ठेवला. मागावरची माणसं अशीच करतात. कान गेलेले असतात, मग हात ऐकतो. वरून, बाजूने, मागून हात फिरवत ते पुढे आले आणि काचेपाशी थांबले. “इथनं वारं आत जातंय कुठं?” त्यांनी विचारलं. मी पाहिलं. काचेच्या कडेला बोटभर फट, बस्स! पुढचे तीन पंखे बंद खिडकीला तोंड लावून उभे होते. आप्पा म्हणाले, “दार लावून ऊन पाखडलंस व्हय? काढ ती काच.”

दुसऱ्या दिवशी रविवार होता. आप्पांनी दर्शनी काच उतरवली, त्या मापाची लाकडी चौकट केली आणि खिडकीला लावतात ती डासांची नायलॉन जाळी तिच्यावर ताणून बसवली. मागावर ताणा ताणणारा हात तो. जाळीला कुठे सुरकुती नाही. आमच्या गल्लीत हवेत सुताची कुसळं उडतात, तीही जाळीवर अडतात. दर महिन्याला ओल्या फडक्याने पुसली की झालं. पंख्यांच्या स्क्रूंखाली त्यांनी सायकलच्या जुन्या ट्यूबच्या चकत्या घातल्या. “ढिलं असतंय ते वाजतंय,” एवढंच म्हणाले. एकूण खर्च ऐंशी रुपये. त्या ऐंशी रुपयांनी जे केलं ते वरच्या आठ हजारांच्या कार्डानेही झालं नसतं.

बाकीचं काम फुकटचं होतं. खेळातली चित्रं सेकंदाला साठावर बांधून टाकली, त्यामुळे कार्ड उगाच राबत नाही. बोर्डाच्या सेटिंगमध्ये जाऊन पंख्यांना सांगितलं, की ६० अंशांपर्यंत घाई करायची नाही. त्यातही एक बारकी गोष्ट शिकलो. झोप मोडते ती नुसत्या आवाजाने नव्हे, आवाजाच्या चढउतारानेही. म्हणून पंख्याची गती हळूहळू वाढेल आणि हळूहळूच उतरेल असं बसवलं. आपल्याकडे २००० सालच्या नियमांप्रमाणे राहत्या वस्तीत रात्रीची आवाजाची मर्यादा ४५ डेसिबल आहे. माझ्याकडे मोजायचं यंत्र नाही. पण भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक आता खेळ चालू असताना ऐकू येते. माझ्यापुरतं तेच माप.

हेडफोन मी आता एकाच कानावर लावतो. दुसरा कान आज्जीचा.

जानेवारी संपता संपता एका रात्री बाराच्या सुमाराला मी एका राक्षसाशी झुंजत होतो. चार दिवस तो मला हरवत होता आणि आता त्याचा शेवटचा घाव उरला होता. तेवढ्यात मागून हाक आली. मोठी नाही, कूस बदलताना मारावी तशी अर्धी हाक : “बाळ्या, पाणी.”

मी उठलो. राक्षसाने मला मारलं. त्याचं मला काही वाटलं नाही, असं म्हणेन तर ते खोटं होईल, थोडं वाटलं. तांब्या भरून आज्जीला दिला, तिच्या पाठीला हात लावून बसतं केलं. पाणी पिऊन ती टेबलाकडे बघत म्हणाली, “ते बंद हाय का चालू?”

“चालू आहे, आज्जी.”

“असू दे मग,” ती म्हणाली आणि आडवी झाली.

आप्पांचं ते रात्रीचं फर्मान कुणी मागे घेतल्याचं मला आठवत नाही. पण त्या दिवसापासून ते कुणी पुन्हा काढलेलंही नाही. आप्पा अधूनमधून जाता जाता कॅबिनेटवर तळहात ठेवतात, क्षणभर थांबतात आणि मान हलवून पुढे जातात. त्या सातशे रुपयांतले ऐंशी जाळीत गेले. उरलेल्या सहाशे वीस रुपयांचं काय केलं, असं कुणी हिशेबी वाचक विचारील. उंबऱ्यापाशी रात्रभर जळणारा एक छोटा दिवा बसवला आहे, आणि उरलेले पैसे अजून शिल्लक खाती आहेत.

— वाणिज्य शाखा, तृतीय वर्ष