आमचे मत

'मत' या दोन अक्षरी शब्दाने आम्हा उज्जैनकर मराठी विद्यार्थ्यांची जेवढी गंमत केली आहे, तेवढी व्याकरणाच्या पुस्तकातील दुसऱ्या कोणत्याही शब्दाने केली नसेल. घरी मत म्हणजे अभिप्राय. निवडणुकीच्या दिवशी मत म्हणजे बोटाला शाई लावून घेऊन यंत्रावर दाबावयाचे बटण. आणि घराचा उंबरठा ओलांडून रस्त्यावर आले, की हाच शब्द हिंदीचा वेष घेऊन दरडावतो : 'शोर मत करो', 'कचरा मत डालो', 'बोलो मत'. म्हणजे एका भाषेत जो शब्द बोलावयास सांगतो, तोच दुसऱ्या भाषेत तोंडावर बोट ठेवतो! आम्ही दोन्ही भाषांत वाढलो. म्हणून आमच्या वाट्याला दोन्ही अर्थ आले. तेव्हा शाळा, समाज आणि राजकारण या तीन थोर विषयांवरील आमची मते येथे मांडण्याचे धाडस आम्ही करीत आहो. वडीलधाऱ्यांनी रागावू नये.

प्रथम शाळा. शाळेत आम्हाला मते फार असतात, पण ती बहुधा तयार मिळतात. निबंधाच्या मार्गदर्शक पुस्तकात 'माझा आवडता नेता' आहे, 'माझा आवडता ऋतू' आहे. त्यामुळे चाळीस मुलांच्या वर्गात अडतीस जणांना एकच नेता आणि एकच ऋतू आवडतो. उरलेल्या दोघांनी पुस्तक विकत घेतलेले नसते. वादविवाद स्पर्धेत तर आपण कोणत्या बाजूचे हे चिठ्ठी उघडल्यावर कळते. 'भ्रमणध्वनी : शाप की वरदान?' हा विषय असेल, तर सोमवारी शाप ठरलेली वस्तू मंगळवारच्या फेरीत वरदान ठरते, आणि दोन्ही वेळा टाळ्या तितक्याच पडतात. यात वक्तृत्वाचा लाभ आहे, हे आम्ही नाकारीत नाही. परंतु मत म्हणजे काय, ते कसे बनते आणि कसे तपासावे, हे या मार्गाने कळत नाही.

ते जेथे कळते, असे एक ठिकाण सुदैवाने आमच्याच गावात आहे. क्षिप्रेच्या काठी सवाई जयसिंगाने अठराव्या शतकात वेधशाळा उभारली आणि 1923 साली माधवराव शिंद्यांनी तिचा जीर्णोद्धार केला. तेथील सम्राट यंत्रावर सावली पाहून वेळ सांगता येते. तेथे गेलेला प्रत्येक विद्यार्थी मनगटावरचे घड्याळ पाहतो आणि यंत्र चुकले असे जाहीर करतो. वस्तुतः चुकलेले कोणीच नसते. भारताची प्रमाणवेळ मिर्झापूरजवळून जाणाऱ्या साडेब्याऐंशी अंश पूर्व रेखावृत्तावरून मोजतात. उज्जैन त्याच्या पश्चिमेस पावणेसात अंशांच्या सुमारास आहे. सूर्याला एक अंश ओलांडण्यास चार मिनिटे लागतात. म्हणून आमची सावली घड्याळाच्या जवळजवळ 27 मिनिटे मागे असते. शिवाय ऋतूप्रमाणे आणखी काही मिनिटांचा फरक पडतो, तो निराळाच. ही बेरीज केली, की सावली आणि घड्याळ गळ्यात गळा घालतात.

आमच्या मते सगळ्या मतभेदांचे मूळ येथेच आहे. प्रत्येक जण आपल्या रेखेवरून वेळ सांगतो. पण आपली रेखा कोणती, हे मात्र सांगत नाही. प्राचीन ज्योतिषी आपली मूळ रेखा उज्जयिनीवरून धरीत, हे आम्ही पाहुण्यांना अभिमानाने सांगतो. मात्र तो अभिमान एवढा वाढू नये, की सर्व जगाने आपल्याच उंबरठ्यावरून अंतर मोजावे असे वाटू लागावे.

आता समाज. आमच्या मराठी समाजात एक मत सर्वमान्य आहे : 'पुढची पिढी मराठी विसरली.' हे मत पुष्कळदा हिंदीतच मांडले जाते. सुट्टीत पुण्याची भावंडे येतात आणि 'तू काय करून राहिलास?' हे आमचे साधे वाक्य ऐकून पोट धरून हसतात. आजोबा मग खिन्न होऊन शिंदेशाहीकडे वळतात : महाकालाचे मंदिर राणोजी शिंद्यांचे दिवाण रामचंद्रबाबा यांनी पुन्हा उभे केले, गोपाळमंदिर बायजाबाईंनी बांधविले, आणि आज त्यांच्याच गावात ही मराठी!

आजोबांचा आदर राखून आम्ही त्यांच्यापुढे एकाच घरातील दोन भाऊ उभे करतो. ग्वाल्हेर संस्थानाच्या पोलीस खात्यात माधवराव मुक्तिबोध नावाचे अधिकारी होते. त्यांचे काही वास्तव्य उज्जैनीत झाले. त्यांचे थोरले चिरंजीव गजानन माधव यांनी लेखनासाठी हिंदी स्वीकारली. 1943 सालच्या 'तार सप्तक' या संग्रहात ते आहेत, आणि 1964 साली ते निवर्तले तेव्हा आधुनिक हिंदी कवितेचा एक मोठा कवी गेला. धाकटे शरच्चंद्र मराठीत लिहीत राहिले. 1979 साली त्यांच्या समीक्षाग्रंथाला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. त्याच 'तार सप्तका'त प्रभाकर माचवेही आहेत. तेही मराठी घरातले, आणि आमच्या माधव महाविद्यालयात काही वर्षे प्राध्यापक होते. या दोन भावांपैकी निष्ठावंत कोण आणि भाषा सोडणारा कोण, असा निकाल कोणी देईल काय? एकाच ताटात जेवलेल्या दोघांनी दोन भाषा श्रीमंत केल्या. म्हणून मराठी टिकवावयाची तर हिंदीशी भांडण कशाला, असे आमचे मत आहे. घरात मराठी पुस्तक असावे, ते वाचलेले असावे, आणि मुलगा चुकीचे मराठी बोलला तर हसण्यापूर्वी त्याचे वाक्य पूर्ण होऊ द्यावे. एवढे झाले तरी पुष्कळ झाले.

समाजाचे दुसरे मत रस्त्यांविषयी आहे. 2022 साली महाकाल लोक झाल्यापासून यात्रेकरूंची गर्दी फार वाढली, आणि आता 2028 चा सिंहस्थ सर्वांच्या जिभेवर आहे. रस्ते रुंद व्हावेत, हे सगळ्यांना मान्य आहे. पण ज्याचे घर रुंदीकरणाच्या रेषेत येते त्याचे मत निराळे, आणि ज्याचे दुकान नव्या रस्त्याच्या तोंडाशी येते त्याचे निराळे. पुन्हा रेषाच! दोघेही खरे बोलतात. दोघांचेही ऐकून मग फीत धरावी, इतकेच आम्हाला कळते.

राहता राहिले राजकारण. 'विद्यार्थ्यांनी राजकारणात पडू नये' हे वाक्य आम्ही जेवढ्या वेळा ऐकले, तेवढ्या वेळा पाढेही म्हटले नसतील. परंतु एकसष्टाव्या घटनादुरुस्तीने 1989 साली मतदानाचे वय एकवीसवरून अठरावर आणले. म्हणजे शाळेतून बाहेर पडल्यावर वर्षा-दोन वर्षांतच राष्ट्र आम्हाला विचारणार, 'तुमचे मत काय?' सतरा वर्षे 'बोलो मत' ऐकलेल्याने अठराव्या वाढदिवशी एकाएकी सुजाण मत कोठून आणावे?

वडीलधाऱ्यांची भीती मात्र निराधार नाही, हे या गावात राहणाऱ्याला विसरता येत नाही. आमच्या जन्मापूर्वीची, 26 ऑगस्ट 2006 ची गोष्ट. माधव महाविद्यालयात विद्यार्थी संघाच्या निवडणुकीवरून गोंधळ झाला, आणि त्यात मारहाण होऊन प्राध्यापक हरभजनसिंग सभरवाल मरण पावले. ते राज्यशास्त्र शिकवीत. म्हणजे मत म्हणजे काय हेच शिकवीत. भर दिवसा, माणसांच्या गर्दीत हे घडले. पुढे खटला उज्जैनबाहेर, नागपूरला हलविण्यात आला. अनेक साक्षीदार आपल्या आधीच्या जबाबावरून फिरले, आणि 2009 साली न्यायालयाने सर्व आरोपींना निर्दोष सोडले. न्यायालयाचा निर्णय तो निर्णय. दोषी कोण हे सांगण्याचा आम्हाला अधिकार नाही. परंतु एक प्रश्न आमच्या मनातून जात नाही. एक शिक्षक आपल्याच महाविद्यालयात प्राणास मुकतो, एवढी माणसे आसपास असतात, आणि तरीही काय घडले हे न्यायासनापुढे सिद्ध होऊ शकत नाही, हे कसे?

या घटनेवरून लोक म्हणतात, 'पाहा, मुलांना मते दिली की असे होते.' आम्हाला नेमके उलट वाटते. ज्याला मत मांडता येते आणि दुसऱ्याचे ऐकता येते, त्याला मूठ वळावी लागत नाही. आणि जो लहानपणापासून 'मला काय त्याचे' हा धडा पाठ करतो, तो मोठेपणी साक्षीच्या पिंजऱ्यात उभा राहिला तरी त्याला काही आठवत नाही. मारणारा हात जेवढा भयंकर, तेवढेच पाहून न पाहिलेले डोळेही भयंकर असतात. सत्य बोलण्याचे धैर्य ही काही अठराव्या वर्षी टपालाने येणारी वस्तू नव्हे. ती वर्गात, लहानसहान गोष्टींत, रोज थोडी थोडी कमवावी लागते. खिडकीची काच कोणी फोडली, या प्रश्नाला सारा वर्ग खाली मान घालून बसतो, तेथेच पुढच्या साक्षीदारांची शाळा भरलेली असते.

म्हणून आमच्या तीन नम्र सूचना आहेत. वादविवादात निदान एका फेरीत तरी प्रत्येकाला आपली बाजू स्वतः निवडू द्यावी. मात्र प्रतिपक्षाचे म्हणणे त्याला मान्य होईल अशा शब्दांत प्रथम सांगावे आणि मगच त्याचे खंडन करावे. वर्गनायकाची निवड गुप्त मतदानाने व्हावी, आणि हरलेल्याने जिंकलेल्याचे सर्वांसमक्ष अभिनंदन करावे. आणि आठवड्यातून एक तास असा असावा, की ज्यात मुलांनी प्रश्न विचारावेत आणि 'हे मला ठाऊक नाही, पाहून सांगतो' असे म्हणण्यात गुरुजनांनाही कमीपणा वाटू नये.

या सूचना कोणाला पटतील, कोणाला पटणार नाहीत. ज्यांना पटणार नाहीत त्यांनी त्या खुशाल खोडून काढाव्यात. त्यांचे म्हणणे पूर्ण होईपर्यंत आम्ही मध्ये बोलणार नाही. आमची 27 मिनिटे मिळवूनच ते ऐकू.