जोडली ना?

आम्ही कलाशाखेचे पदवीधर आहोत, ही गोष्ट आम्ही कधी लपवून ठेवली नाही. घरातील विजेचा दिवा गेला की खुर्चीवर चढण्याचे काम आमच्याकडे येते, ते केवळ आमच्या उंचीमुळे. बदललेला दिवा लागलाच, तर घरच्या मंडळींना आमच्यापेक्षा अधिक आश्चर्य वाटते. असे असता गेल्या दिवाळीनंतर संगणकाचे पोट उघडून त्यात नवा अवयव बसवण्याचे धाडस आम्ही का केले, याचा खुलासा करणे प्राप्त आहे.

निमित्त स्नेहसंमेलनाचे. नववीच्या मुलांनी गेल्या वर्षीच्या पौषात मांडावर जाऊन धालोंच्या गाण्यांचे चित्रण केले होते. त्या चित्रफितीची कापाकापी आणि जुळणी आमच्या घरच्या संगणकावर चालू होती. हा संगणक म्हणजे एका कचेरीने काढून टाकलेला व आम्ही अल्प मोलात घेतलेला गृहस्थ. लेख टंकण्यापुरता तो सज्जन होता. पण चित्रफीत समोर येताच त्याला धाप लागे. फेरात गाणारी आजी पाऊल उचली, ते पाऊल जमिनीला लागेपर्यंत आमचा चहा निवून जाई.

वर्गातील एका मुलाने उपाय सुचवला. हा मुलगा शेवटून दुसऱ्या बाकावर बसतो. ऱ्हस्व-दीर्घाशी त्याचे जुने वैर असल्यामुळे त्याच्या वहीत आमची तांबडी शाईच अधिक दिसते. तो म्हणाला, "सर, मेमरीची आणखी एक पट्टी घाला, आणि निराळे ग्राफिक्स कार्ड बसवा." मग त्याने आम्हांस समजावून सांगितले की, पडद्यावर आडवे १,९२० आणि उभे १,०८० ठिपके असतात; म्हणजे वीस लाखांहून अधिक ठिपक्यांचा रंग क्षणोक्षणी ठरवावा लागतो. एरवी हे काम मुख्य प्रोसेसरच्या अंगातलाच एक लहानसा भाग उरकतो. निराळे कार्ड बसवले की तेवढ्याचसाठी एक स्वतंत्र कारागीर मिळतो. शुद्धलेखनाच्या तासाला आम्ही इतके स्पष्ट बोलत असू काय, अशी शंका त्या वेळी मनाला चाटून गेली.

पट्टी नवी घेतली आणि कार्ड पणजीच्या एका दुकानातून जुने घेतले. रविवारी दुपारी तो मुलगा आमच्या घरी आला. मेमरीची पट्टी त्याने बसवली. कार्ड मात्र आम्ही स्वहस्ते बसवले, कारण यजमानाचा मान आमचा होता. खाचेत कार्ड दाबले, टोकाची खिटी टक् असा आवाज करून बसली, आणि आम्हांस धन्यता वाटली. इतक्यात त्याच्या साडेपाचच्या बसची वेळ झाली. उंबरठ्यावर चपला घालता घालता त्याने विचारले, "सर, कार्डाची वायर जोडली ना?"

"जोडली," आम्ही म्हणालो.

क्रियापदाला 'काय?' असा प्रश्न विचारला की कर्म सापडते, हे आम्ही पाचवीपासूनच्या मुलांना शिकवत आलो आहोत. तो प्रश्न आम्ही त्या संध्याकाळी स्वतःला विचारला नाही. पडद्याकडे जाणारी वायर आम्ही कार्डाला जोडली होती, आणि आमच्या दृष्टीने जगात तेवढी एकच वायर होती. कार्डाच्या कडेला आठ छिद्रांची एक रिकामी बैठक दिसत होती खरी. ती शोभेची असावी असे समजून आम्ही झाकणाचे स्क्रू आवळले.

कळ दाबली. पंखे फिरले, दिवा लागला, पडदा काळाच. पुन्हा दाबली, तरी काळाच. पडद्याची वायर पूर्वीच्या जागी लावून पाहिली, तिथेही काळोख. मग आम्ही सुचेल ते करू लागलो. दोन्ही मेमरीच्या पट्ट्यांची अदलाबदल केली. आत नाण्याएवढा एक घट असतो, तो काढून पुन्हा बसवला. आई दारात येऊन म्हणाली, "तुका कोणें सांगिल्लें तें उगडपाक?" या प्रश्नाला आमच्यापाशी कोणत्याही भाषेत उत्तर नव्हते.

खरी भीती निराळीच होती. चित्रफितीची मूळ चित्रणे मुलांपाशी होती. पण याच वार्षिकांकासाठी एकेचाळीस मुलामुलींनी लिहिलेले सारे साहित्य आम्ही तीन आठवडे बसून त्या यंत्रात टंकले होते. त्याची दुसरी प्रत आम्ही ठेवली नव्हती, आणि मूळ कागद मुलांना परत करून टाकले होते. त्या रात्री आम्हांस झोप आली नाही. पहाटेच्या सुमारास मन एका निर्णयावर आले: बिघाड त्या मुलाने बसवलेल्या पट्टीचा. तो सोयीचा होता, म्हणून तो निर्णय चटकन पटलाही.

सोमवारी वर्गात आम्ही म्हणालो, "अर्धवट ज्ञानाने माणूस स्वतःचे काम बिघडवतो ते एक वेळ परवडते, काहींना दुसऱ्याचेही बिघडवायचे असते." नाव घेतले नाही, पण वर्गाला नाव लागत नसते. चाळीस माना मागे वळल्या. तो मुलगा वहीकडे पाहत राहिला.

त्याच दिवशी संध्याकाळी तो स्क्रू-ड्रायव्हर घेऊन आमच्या दारात उभा. वर्गातील बोलण्याचा त्याने उल्लेख केला नाही, आणि आम्हांसही तो करण्याचे धैर्य झाले नाही. प्रथम त्याने भिंतीवरची पिन काढली. मग म्हणाला, "सर, काल आपण दोन वस्तू एकदम घातल्या, ते चुकले. आता दोन्ही काढू आणि एकेक घालून पाहू. आणि पडदा काळा म्हणजे डिस्क गेली असे नसते. यंत्र नाहीच उठले, तर डिस्क काढून दुसऱ्याला लावता येते." हे शेवटचे वाक्य आम्हांस रविवारी रात्री कोणी सांगितले असते तर!

दोन्ही वस्तू निघाल्या. पडद्याची वायर जुन्या जागी गेली. कळ दाबताच पडदा उजळला. घट काढल्यामुळे यंत्र आजची तारीख मात्र विसरले होते, आणि आपण कित्येक वर्षे मागे आहोत असे शपथेवर सांगत होते. आम्ही तत्काळ चित्रफीत उघडू लागलो, तेव्हा त्याने खिशातून पेन ड्राइव्ह काढला. "आधी अंकाची प्रत करा, सर." एकेचाळीस नावे एकामागून एक उतरताना आम्ही पाहिली.

मग यंत्र बंद करून पट्टी घातली. सुरू झाले. पुन्हा बंद करून पट्टी काढली आणि कार्ड घातले. काळोख. त्याने विजेरीचा झोत आत टाकला आणि त्या आठ छिद्रांवर स्थिर केला. नंतर वीजपुरवठ्याच्या डब्यावरची चिठ्ठी वाचली: २४० वॉट. कार्डाला पुरे काम करताना १२५ वॉट लागतात. खाचेतून त्याला फार तर ७५ मिळतात. उरलेल्यांसाठी डब्यातून स्वतंत्र वायर यावी लागते. आमच्या डब्याला तसली वायर मुळी नव्हतीच! तेव्हा आमच्या 'जोडली'ला जगात कर्मच नव्हते.

त्याने आमच्याकडे पाहिले. त्याला उंबरठ्यावरचे आमचे उत्तर आठवत होते, हे त्याच्या चेहऱ्यावरून कळत होते. बोलला मात्र एवढेच, "सर, हे छिद्र पटकन लक्षात येत नाही." ही त्याने दिलेली सवलत होती, आणि ती घेणे आम्हांस फार जड गेले.

मंगळवारी आम्ही वर्गात उभे राहून घडलेली हकिकत जशीच्या तशी सांगितली: आठ छिद्रांसकट, रविवारच्या उत्तरासकट, आणि सोमवारच्या वाक्यासकट. ते वाक्य परत घेतो असेही सांगितले. वर्ग हसला, तो छिद्रांना. तो मुलगा हसला नाही; कान मात्र लाल झाले होते.

कार्ड दुकानदाराने थोडे पैसे कापून परत घेतले. त्याच्याजोगा वीजपुरवठा घेण्याची ऐपत त्या महिन्यात नव्हती. गंमत अशी की, ज्या पट्टीवर आम्ही आळ घेतला, तिनेच यंत्राची धाप बरीच कमी केली. आजीचे पाऊल आता वेळेवर पडते. संमेलनात तुम्ही पाहिलेली चित्रफीत तिच्याच बळावर जुळवलेली आहे.

त्या मुलाचाही लेख या अंकात आहे. त्यातील सहा वेलांट्या आम्ही दुरुस्त केल्या. एकेक करून, आणि त्याला शेजारी बसवून.