चमचाभर विरजण

विरजणाचा आणि मराठी व्याकरणाचा तसा काही संबंध नाही. पण माझ्या घरात तो एकदा आला, आणि त्याने मला चांगलेच ताळ्यावर आणले.

त्याचे असे झाले. आम्ही चिंचवडला राहतो. यंदा पावसाळ्याच्या तोंडाशी आमच्या समोरच्या रिकाम्या जागेत ओडिशाकडचे एक तरुण कुटुंब राहायला आले. गृहस्थ चाकणच्या एका कारखान्यात कामाला. दुसऱ्याच दिवशी संध्याकाळी ते हातात वाटी घेऊन दारात हजर! कुणाकडून तरी पाठ करून आणलेले वाक्य त्यांनी मोठ्या उमेदीने म्हटले, "सर, थोडा विरजण पाहिजे."

"थोडा नव्हे, थोडं!" मी म्हणालो. "विरजण नपुंसकलिंगी आहे."

इतक्या वर्षांची मास्तरकी जिभेवर ठाण मांडून बसलेली. समोर विद्यार्थी आहे की पाहुणा, हे तिला कुठले कळायला! गृहस्थ ओशाळून हसले, वाटी घेऊन गेले, आणि त्या दिवसापासून माझ्याशी हिंदीतच बोलू लागले.

"अहो, त्यांना विरजण हवं होतं, व्याकरण नव्हे," सौभाग्यवती म्हणाली. "दुधात घालायचं ते तुम्ही त्यांच्या उत्साहावर घातलंत."

ते वाक्य मला रात्रभर टोचत राहिले. ओडियात दार, भिंत, दही यांना व्याकरणातले लिंगच नसते, हे मीच वर्गात सांगतो. आणि मी तरी इथला कुठला? 2006 साली अमरावतीहून आलो, तेव्हा शेजारच्या आजोबांना पहिल्याच दिवशी म्हणालो होतो, "सामान लावून राहिलो." आजोबांना हसू आले असणार. पण ते गिळून ते एवढेच म्हणाले, "मास्तर, यंदा गणपतीचं निमंत्रण तुम्हीच लिहून द्या." त्यांनी काम सांगितले, आणि मी इथला झालो.

तसे पाहिले तर, पवनाकाठच्या मोरया गोसावींच्या समाधीभोवतीचे जुने चिंचवड सोडले, तर इथे जुने कोण आहे? फाळणीनंतर सिंधी कुटुंबांनी पिंपरीत विस्कटलेले संसार पुन्हा मांडले. 1954 साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आली. मग कारखान्यांमागून कारखाने, आणि त्यांच्या मागोमाग साऱ्या मुलखांतली माणसे! 1970 सालची नगरपालिका 1982 साली महानगरपालिका झाली, ती या आलेल्यांच्याच बळावर. काल आलेल्याने आज आलेल्याला बोलणे शिकवावे, एवढाच काय तो फरक!

दिवाळीच्या तोंडावर एके रात्री सौभाग्यवतीने दूध कोमट करून ठेवले आणि वाटी माझ्या हातात दिली. "आपलं विरजण संपलंय. समोर जा."

खरेच संपले होते की नाही, मी विचारले नाही. समोरचे दार उघडले. काय बोलावे सुचेना. गडबडीत तोंडातून निघाले, "जरा थोडा विरजण मिळेल का?"

गृहस्थ क्षणभर माझ्याकडे पाहत राहिले. मग हळूच म्हणाले, "थोडं, सर. थोडं विरजण."

आम्ही दोघेही खो खो हसलो.

त्या रात्री आमचे दही फार सुरेख लागले.