दळण

ग्राइंडिंगला मराठीत चपखल शब्द आहे. दळण. तीच गुहा, तेच दोन-चार प्रकारचे पोकेमॉन, तेच बटण. पीठ पडेपर्यंत दळत बसायचं.

पोकेमॉन फायररेड हा गेम २००४ चा. मी तो खूप उशिरा, फोनवर एम्युलेटर टाकून खेळले. शेवटी एलिट फोर लागतात: चार जण आणि पाचवा चॅम्पियन, सलग. मध्ये पोकेमॉन सेंटर नाही. हरलात की पुन्हा पहिल्यापासून. माझा व्हीनसॉर ४८ लेव्हलचा होता आणि पहिल्याच लोरेलायने बर्फाचे फटके देऊन त्याला झोपवला.

धाकटा भाऊ बघत होता. म्हणाला, "ताई, तुझ्याकडे जोल्टिऑन नाहीये का?" नव्हता. गेममध्ये एकच ईव्ही मिळते आणि मी तिचा व्हेपोरिऑन करून बसले होते, दिसायला छान म्हणून. त्याने स्वतःच्या फोनवर जोल्टिऑन घेतला, टीम पन्नाशीच्या आत ठेवली, बॅगभर फुल रिस्टोअर भरले आणि पाच वेळा हरला. सहाव्यांदा जिंकला तेव्हा शेवटचा एकच पोकेमॉन उभा होता. एवढा ओरडला की खालच्या काकू विचारायला आल्या, मॅच आहे का आज?

हिशेब सांगते, कारण मला हिशेब आवडतो. व्हीनसॉरला १० वरून ११ लेव्हलला जायला १८२ एक्स्पीरियन्स पॉइंट लागतात. ५० वरून ५१ ला ७,७६६. व्हिक्टरी रोडमधला एक जंगली ओनिक्स साडेसहाशे-सातशे देतो, म्हणजे एका लेव्हलला अकरा-बारा लढती. ६९ वरून ७० ला १५,००० च्या वर. चॅम्पियनचा सगळ्यात तगडा पोकेमॉन ६३ चा. म्हणजे पन्नाशी ओलांडली की पुढचं दळण बहुतेक भीतीपोटीच असतं. हरायची थोडी शक्यता शिल्लक असताना आत जावं, हे माझं मत. तेव्हाही होतं.

तरी मी सत्तरीपर्यंत दळलं.

त्याच महिन्यात बाबांची बायपास झाली. रात्री थांबायची पाळी माझी, कारण भावाची परीक्षा होती. नऊ रात्री. आयसीयूबाहेरचा बाक, चार्जर, आणि आवाज बंद केलेला फोन. नर्स बाहेर आली की सगळ्या बाकांवरची माणसं एकदम उठायची. ती दुसऱ्याच कुणाचं नाव घ्यायची, आणि मला सुटल्यासारखं वाटायचं. त्या वाटण्याची लाज अजून जात नाही.

व्हीनसॉरकडे रेझर लीफचे पंचवीस वार. ते संपले की बाहेर इंडिगो प्लेटूच्या सेंटरला जायचं, भरून घ्यायचं, परत गुहेत. एक ओनिक्स पाडला की पट्टी तेवढी सरकणार म्हणजे सरकणारच. आत काचेपलीकडे असं काहीच नव्हतं. डॉक्टर सकाळी म्हणायचे, "बघू, आजचा दिवस जाऊ दे." मी मान हलवायचे आणि खाली येऊन चहा घ्यायचे. त्या दिवसांत मला कुणी सांगितलं असतं की अमुक इतके ओनिक्स पाडले की बाबा घरी, तर मी झोपलेच नसते.

बाबा घरी आले त्या रविवारी मी एलिट फोरच्या दारात गेले. एकदाही हरले नाही. चॅम्पियन पडला तेव्हा मी दुसऱ्या हाताने बाबांच्या गोळ्या डबीत लावत होते. भाऊ म्हणाला, "ही काय जिंकायची पद्धत आहे?" बरोबर होतं त्याचं.

बाबांनी पलंगावरून विचारलं, "तिकडे रात्रभर हेच खेळत होतीस?"

हो म्हणाले.

"मला वाटलं, कुणाशी तरी बोलतेस." मग थोड्या वेळाने, "संपला का?"

सध्या एमराल्ड चालू आहे. टीम ५३ ला पोचली आहे, म्हणजे माझ्याच मताप्रमाणे आत जायला हवं. बाबांची तपासणी गुरुवारी आहे. भावाचा रोज मेसेज येतो, "गेलीस का आत?" शुक्रवारी जाईन म्हणते.