दोन मीटरचा हेड

आम्ही चौथ्या, म्हणजे सगळ्यात वरच्या मजल्यावर राहतो. गच्चीतली टाकी बाथरूमच्या नळापासून जेमतेम २ मीटर उंच. म्हणजे प्रेशर सुमारे ०.२ बार! गेल्या डिसेंबरात आमच्या गॅस गीझरने पेटायचंच सोडून दिलं. पाण्याच्या जोराने डायफ्राम सरकतो, मग गॅस सुटतो, ठिणगी पडते. जोरच नाही तर ज्योत कुठली? मी ऐटीत घरच्यांना बर्नोली समजावला आणि सबमिशनला बसलो. आई मात्र रोज पहाटे आजीच्या अंघोळीसाठी शेगडीवरचं पातेलं उचलून नेत होती. एके दिवशी ते निसटलं. पाय चांगलाच पोळला.

त्याच संध्याकाळी प्लंबरकाका आले. गीझरच्या इनलेटची जाळी काढली, तर गाळाने गच्च! ती धुतली. अर्ध्या इंची, पाच एल्बोंची लाईन काढून टाकीपासून जवळजवळ सरळ एक इंची पाइप टाकला. नळ सोडताच भप्पकन ज्योत! हेड तेवढाच, फक्त लॉसेस कमी झाले.

फ्लुइड मेकॅनिक्समध्ये मला ७२ मार्क आहेत. पाना मात्र घरातच पडून होता.

आता दर महिन्याला जाळी मीच धुतो. आईच्या पायावरचा डाग अजून आहे.