चाकाची उंची

बैलगाडीचे चाक ज्यांनी प्रथम घडविले, त्यांनी भूमितीचा ग्रंथ वाचलेला नव्हता. परंतु धोंड्यांवरून आणि चिखलातून ओझे न्यावयाचे तर चाक मोठे हवे, ही गोष्ट त्यांना पक्की ठाऊक होती. आमच्या खानापूर तालुक्यातील जुन्या गाड्यांची चाके उभ्या माणसाच्या छातीला लागत. त्यात दुहेरी लाभ होता. एक तर आस भुईपासून उंच राही आणि चाकोरीच्या मधला उंचवटा त्याला लागत नसे. दुसरे असे, की लहान चाकाला जो धोंडा भिंतीसारखा आडवा येतो, तोच मोठ्या चाकाला केवळ एक चढण होऊन भेटतो. पुढे लोखंडी धाव जाऊन रबरी टायर आले, चाके ठेंगणी झाली, आणि टायरगाडी डांबरी सडकेवर भरभर चालू लागली. सडक सुधारली म्हणून चाक लहान झाले, असा हा क्रम होता. हल्ली तो उलट फिरल्यासारखा दिसतो. सडका बहुतेक ठिकाणी पूर्वीपेक्षा बऱ्या झाल्या आहेत, आणि शहरातील तरुण मंडळी मात्र आपल्या गाड्या उचलून घेऊन त्यांना मोठमोठी चाके बसवीत आहेत.

या छंदाकडे मी लांबून पाहून हसलो असतो. पण तो आमच्या घरातच आला. माझ्या पुतण्याने थार गाडी घेतली. २०२० साली जे नवे रूप बाजारात आले, तीच ही गाडी. घेऊन दोन महिने होतात न होतात तोच गाडी दोन इंच उचलावी आणि तिला चिखलाचे थोराड टायर बसवावेत, असा त्याने बेत केला. हा केवळ मिरवण्याचा बेत होता असे म्हणणे अन्यायाचे होईल. जांबोटीच्या पुढे रानात आमचे मूळ गाव आहे, तिथे सातेरीचे देऊळ आहे, आणि शेवटचे सहा किलोमीटर तांबड्या मातीचे आहेत. मध्ये दोन ओहोळ लागतात. नवरात्रात देवीची ओटी भरावयास आई जाते, त्या वेळी पाऊस ओसरलेला असला तरी वाट ओसरलेली नसते. शिवाय त्या रानपट्ट्यातील काही वाड्यांतून आजही पावसाळ्यात आजारी माणसाला बांबूच्या डोलीत घालून खांद्यावरून सडकेपर्यंत आणावे लागते. तेव्हा तिथपर्यंत पोहोचणारी गाडी दारात असणे ही चैन नव्हे, हे त्याचे म्हणणे मला सर्वस्वी मान्य होते. प्रश्न इतकाच, की पोहोचण्यासाठी नेमके काय उंच व्हावयास हवे?

मी वकील असल्यामुळे प्रथम कागद मागितला. गॅरेजवाल्याने लिहून दिले होते: २८५/७० आर १७. गाडीबरोबर आलेला टायर होता २५५/६५ आर १८. या अंकांची भाषा मोठी गमतीची आहे. पहिला अंक टायरची रुंदी सांगतो, ती मिलिमीटरमध्ये. दुसरा सांगतो बाजूच्या भिंतीची उंची, ती रुंदीच्या शेकडा प्रमाणात. तिसरा असतो रिमचा व्यास, आणि तो इंचांत! एकाच खरेदीखतात जमिनीची लांबी मीटरमध्ये, रुंदी टक्क्यांत आणि खोली हातांत लिहिली, तर कोणता उपनिबंधक ते नोंदवून घेईल? पण टायरच्या जगात हे खपून जाते. मधला आर म्हणजे रेडियल बांधणी.

गणित मात्र शाळकरी मुलालाही जमेल इतके सोपे आहे. २५५ चे शेकडा ६५ म्हणजे सुमारे १६६ मिलिमीटर. ही भिंत रिमच्या खाली एकदा आणि वर एकदा, म्हणून दुप्पट घ्यावयाची आणि तीत १८ इंच मिळवावयाचे. चाकाचा व्यास येतो सुमारे ७८९ मिलिमीटर. गॅरेजवाल्याच्या टायरचा व्यास याच रीतीने ८३१ येतो. फरक ४२ मिलिमीटरचा. परंतु आस असतो चाकाच्या मध्याला, म्हणून भुईपासून आसाला मिळणारी उंची याच्या निम्मी, म्हणजे केवळ २१ मिलिमीटर. एक इंचसुद्धा नव्हे.

आता त्या दोन इंच उचलण्याचे काय, असे कोणी विचारील. पुतण्यानेही विचारले. "काका, दोन इंच स्प्रिंगने आणि वर टायरचे, मिळून तीन इंच होतात की!" इथेच खरी मेख आहे. लांब स्प्रिंगा घालून जे उचलले जाते, ते गाडीचे अंग. मागचा आस या गाडीत एकसंध आहे. त्याच्या मध्यावर डिफरन्शियलचा जो लोखंडी गोळा लोंबतो, तो चाकांवर उभा असतो, स्प्रिंगांवर नव्हे. म्हणून अंग कितीही वर घेतले तरी तो गोळा जागचा हलत नाही. चाकोरीच्या मधला धोंडा आपटतो तो बहुधा त्यालाच. त्याला वर उचलणारी वस्तू जगात एकच, ती म्हणजे टायरची त्रिज्या. आमच्या गाडीवानांना हे न सांगता कळले होते. त्यांनी चाक मोठे केले, साटा उंच केला नाही.

अंग उचलण्याचा उपयोगच नाही, असे मी म्हणणार नाही. खडी चढण लागताना नाक आपटत नाही, वरवंट्यासारखा उंचवटा पोटाला घासत नाही, आणि मोठा टायर चाकावरच्या कमानीत घासल्यावाचून फिरू शकतो. पण त्याची किंमत ठिकठिकाणी मोजावी लागते. गुरुत्वमध्य वर जातो, त्यामुळे घाटातील वळणावर गाडी अधिक कलते. पुढच्या चाकांना शक्ती पोहोचविणारे सांधे मुळात ज्या कोनासाठी घडविलेले असतात त्याहून तिरके चालतात आणि लौकर झिजतात. दिव्यांचा झोत पुन्हा खाली बसवून घेतला नाही, तर समोरून येणाऱ्याचे डोळे दिपतात. चोर्ला घाटात रात्री ज्याने गाडी चालविली आहे, त्याला याचा अर्थ सांगावयास नको. मोठ्या टायरमुळे वेगाचा काटाही खोटी साक्ष देऊ लागतो. तो ६० दाखवितो तेव्हा गाडी ६३ ने धावत असते. इंजिनाची भुईवर पडणारी ओढ त्याच प्रमाणात घटते, म्हणजे जिथे चढावर जोर हवा तिथेच तो कमी मिळतो. ब्रेकलाही अधिक जड आणि अधिक मोठे चाक थांबवावे लागते.

कायद्याची बाजू मी मुद्दाम मागाहून मांडली, कारण ती आधी सांगितली की तरुण माणूस ऐकणेच बंद करतो. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२. नोंदणीच्या दाखल्यातील तपशील उत्पादकाने मुळात दिलेल्या तपशिलाशी विसंगत होईल, असा फेरबदल मालकाने करू नये, असा त्याचा आशय आहे. केरळमधून आलेल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हाच अर्थ ठाम केला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने कलम १८२-अ आले. त्यातील चौथ्या पोटकलमाप्रमाणे अनधिकृत फेरबदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक फेरबदलास पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. प्रत्येक फेरबदलास, हे शब्द ध्यानात घेण्यासारखे आहेत. चार जण हे करतात आणि त्यांना कोणी हटकत नाही, हा बचाव कोणत्याही न्यायालयात उभा राहत नाही. आणि खरी अडचण दंडाची नसतेच. ती अपघातानंतर उभी राहते. विमा कंपनीचा वकील त्या वेळी गाडीकडे पाहत नाही. तो कागद पाहतो, मग गाडीखाली डोकावतो, आणि दोहोंत अंतर दिसले की त्याचे अर्धे काम झालेले असते. मी त्या खुर्चीवर बसलेलो नसलो तरी त्या खुर्चीसमोर पुष्कळदा उभा राहिलो आहे.

उंचीचा मोह मात्र मी समजू शकतो. आपल्या देवस्थानांतून आपण तो पिढ्यान्‌पिढ्या पाहत आलो आहोत. पुरीच्या जगन्नाथाच्या रथाला १६ चाके, बलभद्राच्या रथाला १४ आणि सुभद्रेच्या रथाला १२. मंगेशी-कवळ्याच्या जत्रेतील रथ याहून लहान, पण त्यांचेही चाक जवळ उभे राहून पाहिले की मान वर करावी लागते. तरी रथाच्या उंचीचे प्रयोजन अगदी वेगळे आहे. ती वाट ओलांडण्यासाठी नाही. गर्दीतील शेवटच्या माणसाला, कडेवरच्या मुलाला आणि देवळात शिरू न शकणाऱ्या म्हाताऱ्याला देवाचे मुख दिसावे म्हणून आहे. रथ पावलापावलाने चालतो, शेकडो हात त्याला ओढतात, आणि तो थांबवावयाचा तर चाकाखाली पाचर घालणारा माणूस जिवावर उदार होऊन सज्ज असतो. ताशी साठच्या वेगाने धावणाऱ्या गाडीत एकट्याने ती उंची मिरविताना पाचर कोण घालणार?

या साऱ्या युक्तिवादांनी पुतण्या हटला असता की नाही, याची मला शंका आहे. तो हटला तो आईमुळे, आणि तेही तिने काही न बोलता. गॅरेजात तशीच उचललेली एक गाडी उभी होती. मी त्याला म्हटले, आजीला एकदा हिच्यात बसवून पाहू. स्प्रिंगचे ५१ आणि टायरचे २१, मिळून ७२ मिलिमीटर; म्हणजे चार बोटे. कागदावर चार बोटे काहीच नसतात. आईचे गुडघे सत्त्याहत्तर वर्षांचे आहेत. तिने लुगड्याचा घोळ सावरला, दांडीला धरले, पाय उचलला, तो पायरीपर्यंत पोहोचला नाही. तिने तो खाली ठेवला आणि पुन्हा उचलला. मग आमच्याकडे न पाहताच "तुम्ही जाऊन या हो, मी इथूनच हात जोडीन" असे म्हणून ती बाकावर जाऊन बसली. पुतण्या खाली मान घालून उभा राहिला. डोलीतून आणलेल्या रोग्याचा विषय मग मला काढावाच लागला नाही. ज्याला चार माणसे उचलून आत ठेवणार, त्याच्यासाठीही ती चार बोटे तितकीच जड.

त्यानंतरचा विचार आम्ही दोघांनी मिळून, पेन्सिल हाती घेऊन केला. याच गाडीच्या साध्या प्रकाराला कंपनीने दुसरे एक माप दिले होते: २४५/७५ आर १६. रिम दोन इंचांनी लहान, पोलादाचे, दिसावयास ओबडधोबड. पण बाजूची रबरी भिंत १६६ च्या जागी १८४ मिलिमीटर. चाकाचा एकूण व्यास ७७४, म्हणजे आसाची उंची केवळ ७ मिलिमीटरने कमी. इतक्या थोड्या तोट्याच्या बदल्यात १८ मिलिमीटर जादा रबर मिळते, आणि खडकाळ वाटेवर रिम वाचविते ते तेच रबर. पोलादी रिमला पोचा आला तर तो खेड्यातला लोहारही ठोकून सरळ करील. नक्षीदार रिमला तडा गेला की संपलेच. थोडक्यात, लोखंड लहान आणि रबर मोठे. शोभेच्या बाजारात नेमके याच्या उलट चालते. माप कंपनीचेच असले तरी गाडी वरच्या प्रकाराची होती, म्हणून प्रादेशिक परिवहन कार्यालयात लेखी अर्ज देऊन मगच पुढे गेलो. हा माझा आग्रह. पुतण्याला तो निव्वळ वकिली वाटला.

नक्षीविषयी थोडा वाद झाला. चिखलाच्या खास टायरची बटणे मोठी आणि त्यांमधल्या खाचा रुंद असतात. चाक फिरताच चिखल त्यांतून भिरकावला जातो. बारीक नक्षीच्या टायरमध्ये आमची तांबडी माती भरली की क्षणात त्याचा गोटा होतो, हेही खरे. पण त्या रुंद खाचांमुळेच ओल्या डांबरावर टेकणारे रबर कमी पडते, गाडी थांबावयास अधिक अंतर घेते, आणि सारी वाट भुंगा कानाशी गुणगुणत राहतो. बेळगावहून गावापर्यंत डांबर किती आणि माती किती? माती सहा किलोमीटर. बाकीची सारी सडक, आणि तीही पावसाळी. सहा किलोमीटरांसाठी उरलेल्या वाटेचा जीव धोक्यात घालणे मला पटेना. शेवटी सर्व प्रकारच्या वाटांसाठी असतो तो मधला टायर घेतला. घेताना त्याच्या कुशीवरचे शेवटचे चार अंक वाचून घेतले. पहिले दोन आठवडा सांगतात, दुसरे दोन वर्ष. रबर न वापरताही म्हातारे होते, आणि दुकानदार ते सांगत नाही.

मातीच्या सहा किलोमीटरांचा प्रश्न सोडविला तो हवेने. सडक संपते तिथे वडाखाली थांबून तीसच्या आसपासची हवा वीसपर्यंत उतरवावयाची. टायर पसरतो, भुईवरचा त्याचा ठसा लांबतो, आणि गाडी चिखलात रुतण्याऐवजी त्याच्यावरून जाते. परतताना डांबर लागण्याआधी छोट्या पंपाने हवा पुन्हा भरावयाची. हे न करता वेगाने गेले तर टायर तापून फुटतो. या उपद्व्यापाला एका वेळी वीस मिनिटे लागतात. ओहोळाला मात्र उतार पडेपर्यंत थांबावे लागते. कंपनी ६५० मिलिमीटर पाण्यातून जाता येईल असे सांगते, पण तो हिशेब संथ पाण्याचा. वाहते पाणी उंचीबरोबर ओढही घेऊन येते, आणि तिथे कोणताही टायर पुरा पडत नाही.

गेल्या नवरात्रात आई पुढच्या आसनावर बसून देवळाच्या पायरीपाशी उतरली. हवा उतरवीत होतो तेवढ्या वेळात तिने वडाखाली पानाचा डबा उघडला. १८ इंची नक्षीदार रिमे त्यांच्या टायरांसकट आमच्या माळ्यावर आहेत. गिऱ्हाईके येतात, पाहून जातात; पुतण्या किंमत मात्र दर वेळी वाढवून सांगतो.