ओल्या भिंतींचे भाडेकरू

बर्लिनमधल्या बहुतेक जुन्या इमारतींत घरांना क्रमांक नसतात. रस्ता, इमारतीचा आकडा आणि माणसाचं आडनाव, एवढ्यावर पत्ता संपतो. पोस्टमन दारातल्या पत्रपेट्यांवरची आडनावं वाचत जातो. तुमचं त्यात दिसलं नाही तर पाकीट परत जातं. या शहरात नव्याने राहायला आलेल्या कुटुंबाला अन्नपाण्याखालोखाल कशाची गरज असेल तर बोटभर लांबीच्या त्या कागदी पट्टीची. कारण इथे माणसाचं अस्तित्व टपालाने येतं. घरात राहायला आल्यापासून दोन आठवड्यांच्या आत सरकारी कचेरीत नाव नोंदवायचं, हा कायदा. त्या नोंदणीला ‘आन्मेल्डुंग’ म्हणतात आणि तिच्यासाठी घर देणाऱ्याच्या सहीचा कागद लागतो. तात्पुरती घरं देणारे कित्येक जण ती सही करायला नाखूश असतात. ती झाली की कर क्रमांक टपालाने येतो, विम्याचं कार्ड टपालाने येतं, बँकेचा गुप्त आकडा टपालाने येतो. आमच्या लेकीला जर्मन येत नव्हतं. अशा मुलांसाठी बर्लिनच्या शाळांत वेगळे स्वागतवर्ग असतात. त्या वर्गात जागा मिळाल्याचं पत्रही टपालानेच आलं.

आम्ही उतरलो ते वेडिंग भागात. नवऱ्याच्या ऑफिसने पहिल्या काही महिन्यांसाठी सामानासकट घर घेऊन दिलं होतं. दोन खोल्या, पांढऱ्या भिंती, मोजक्या ताटल्या, मोजके काटे-चमचे, एकही ओरखडा नसलेलं टेबल. पत्रपेटीवर घर देणाऱ्या कंपनीचं नाव होतं. खाली आम्ही आमचं आडनाव चिकटवलं आणि वर येऊन बॅगा तशाच ठेवल्या. मसाल्याच्या डब्यांना प्रवासासाठी लावलेल्या चिकटपट्ट्याही काढल्या नाहीत. घरात एक वाक्य सतत फिरत होतं: आधी खरं घर मिळू दे. पडदे तेव्हा घेऊ, लेकीचं कपाट तेव्हा लावू, देव तेव्हा मांडू. शहर बघणंही त्या ‘तेव्हा’च्या खात्यावर जमा होत गेलं.

मग सासूबाई आल्या. पाहुण्यांच्या व्हिसावर नव्वद दिवसांच्या वर इथे राहता येत नाही, त्यामुळे त्यांचाही मुक्काम मोजलेलाच. आल्या दिवशी त्यांनी स्वयंपाकाचा ओटा पाहिला, डबे पाहिले आणि म्हणाल्या, “अगं, हे सगळं असंच बांधून ठेवलंयस?”

“आई, इथून लवकरच हलायचंय.”

“आम्हालाही लवकरच हलायचं होतं,” त्या म्हणाल्या, आणि नखाने पहिल्या डब्याची पट्टी उकलायला बसल्या.

त्यांचं सासरचं घर गिरगावात. इमारत जुनी, उपकर भरणारी. ती धोकादायक ठरली तेव्हा पागडीची दीड खोली सोडून सगळं कुटुंब सायनला, प्रतीक्षानगरच्या संक्रमण शिबिरात गेलं. थोड्या वर्षांत परत आणू असं तोंडी सांगितलेलं. माझा नवरा तेव्हा बालवाडीत होता. त्याचं कॉलेज संपलं तरी ते शिबिरातच होते. मुंबईत असं जगलेली हजारो घरं आहेत, त्यामुळे यात कुणाला नवल वाटू नये. पण सासूबाईंनी त्या दिवसांबद्दल जे सांगितलं ते मी आधी कधी ऐकलं नव्हतं, कारण मी कधी विचारलं नव्हतं.

“शिबिरात दोन तऱ्हेच्या बायका होत्या,” त्या म्हणाल्या. “फळी ठोकणाऱ्या आणि न ठोकणाऱ्या.” त्यांनी स्वतः पहिल्याच आठवड्यात शेजाऱ्याकडून हातोडा मागून आणला आणि भांड्यांची फळी ठोकली. समोरच्या घरातल्या बाईंनी कधीच ठोकली नाही. त्यांची भांडी वर्षानुवर्षं पेटाऱ्यात राहिली, मुलं पेटाऱ्यावर वही ठेवून अभ्यास करत मोठी झाली. मला वाटलं, आता सासूबाई त्यांना नावं ठेवतील. त्यांनी ठेवली नाहीत. “त्यांना भीती होती,” त्या म्हणाल्या. “इथे नीट संसार मांडलेला दिसला की म्हणतील, बसलात ना तुम्ही, आता तिकडची जागा कशाला? फळी न ठोकणं हा त्यांचा अर्ज होता. रोजचा.”

हे ऐकून मी बराच वेळ त्या ओरखडा नसलेल्या टेबलाकडे बघत बसले. त्या बाईंकडे न मांडण्याचं कारण होतं. हक्काची जागा होती आणि ती हातची जाईल ही भीती खरी होती. आमच्याकडे काय होतं? आम्हाला इथून कुणी हुसकावणार नव्हतं, परतीचं विमान कधीही घेता आलं असतं, डोंबिवलीचा फ्लॅट जागेवर होता. आमचं ‘तेव्हा’ कशाचंही रक्षण करत नव्हतं. लेक मात्र सात वर्षांची होती आणि तिची सात वर्षं ‘तेव्हा’साठी थांबणार नव्हती. तिला खालच्या अंगणातल्या वाळूच्या चौकोनात एक सीरियन मैत्रीण केव्हाच मिळाली होती. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती आणि दोघींची जर्मन एकाच इयत्तेची होती. तिच्यासाठी हेच बर्लिन होतं, दुसरं कुठलं यायचं राहिलं नव्हतं.

ते अंगण मला या शहराबद्दल बरंच काही शिकवून गेलं. वेडिंगच्या जुन्या इमारती एकामागे एक अशा उभ्या असतात: रस्त्यावर पुढचं घर, मग अंगण, मग मागचं घर, कधी त्यामागे आणखी अंगण. १८६२ साली योहान हॉब्रेश्टने शहराच्या वाढीचा आराखडा केला. त्यात रस्ते ठरले, पण रस्त्यांमधल्या मोठ्या तुकड्यांवर किती दाटीने बांधायचं ते मालकांच्या हाती राहिलं. अंगण किती हवं, याचा नियम १८५३ पासून होता: ५.३४ मीटर लांब, तेवढंच रुंद. एवढ्या जागेत आगीचा बंब वळवता यायचा म्हणून. माणसांच्या उजेडाचा आणि हवेचा हिशोब त्या आकड्यात नव्हता. १८७१ साली, बर्लिन साम्राज्याची राजधानी झालं तेव्हा, इथली वस्ती सव्वाआठ लाखांच्या आसपास होती. १९०५ पर्यंत ती वीस लाखांवर गेली. आमच्यापासून चालत जाता येईल अशा आकरस्ट्रासवर ‘मायर्स होफ’ नावाची इमारत होती. एकामागे एक सहा अंगणं आणि भरात असताना दोन हजारांच्या आसपास माणसं. गिरगाव-परळच्या चाळींचा नकाशा डोळ्यांपुढे असलेल्या माणसाला हे परकं वाटत नाही. १९७२ साली मायर्स होफचे उरलेले भाग पाडले.

या इमारती बांधल्या जात होत्या त्या काळात बर्लिनमध्ये एका खास तऱ्हेचे भाडेकरू होते. त्यांना ‘ट्रोकनवोनर’ म्हणत. नव्या इमारतीचा चुन्याचा गिलावा ओला असे. चुना नुसत्या उन्हाने पक्का होत नाही. तो हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून घट्ट होतो आणि त्यात पाणी सोडतो. माणसं राहिली, त्यांनी श्वास सोडले, शेगडी पेटवली, की हे काम लवकर उरकतं. म्हणून मालक अशा घरांत सुरुवातीचे काही महिने गरीब कुटुंबांना फुकट किंवा नाममात्र भाड्यात राहू देत. भिंती सुकल्या, घर निरोगी झालं, की त्यांनी बाहेर पडायचं आणि पुऱ्या भाड्याच्या भाडेकरूंनी आत यायचं. ते कुटुंब पुढच्या ओल्या इमारतीत. भिंतींची ओल त्यांच्या अंगात जाई. खोकला, सांधेदुखी, क्षय घेऊन ते फिरत. या शहरात भाव वधारलेल्या उंच छतांच्या कितीतरी देखण्या घरांना अशाच कुणाच्या श्वासाने घट्टपणा दिला आहे. त्यांची नावं कुठल्याही पाटीवर नाहीत.

आमच्या घरात दाराला सूचनांचा कागद लावलेला होता. सकाळ-संध्याकाळ खिडक्या सताड उघडा, थंडीतसुद्धा, नाहीतर भिंतींना बुरशी येईल. भाताची वाफ, कुकरच्या शिट्ट्या, खोलीत वाळत घातलेले कपडे, चौघांचे श्वास: हे सगळं रोज बाहेर सोडून द्यायचं. जानेवारीच्या सकाळी खिडकी उघडून शाल लपेटून उभी राहिले की त्या ओल्या घरांतल्या बायका आठवत. त्यांच्याशी माझी बरोबरी मी करणार नाही. ऑफिसने भाडं भरलेल्या उबदार घरातून तसं म्हणणं अन्याय होईल. पण ‘तात्पुरते’ म्हणून ज्यांना हिशोबातून वगळतात तेच पुष्कळदा घर राहण्याजोगं करून जातात, हे मला तिथे पटलं.

शेजारच्या दारावरचं आडनाव तुर्की होतं. त्या आजी सत्तरीच्या पुढच्या. १९६१ साली पश्चिम जर्मनीने तुर्कस्तानशी कामगार आणण्याचा करार केला. सुरुवातीला परवाना दोन वर्षांचा असे. माणसं यावीत, राबावीत आणि परत जावीत असा बेत होता. १९७३ साली ही भरती बंद झाली. आजी त्याआधी, ऐन विशीत, एकट्या आल्या होत्या, विजेच्या उपकरणांच्या कारखान्यात कामाला. राहायला बायकांचं वसतिगृह, एका खोलीत अनेक खाटा. त्यांच्या नातीने इंग्रजीत सांगितलं, “आजीची सुटकेस खूप वर्षं खाटेखाली भरलेलीच होती.” सासूबाईंना मी ते मराठीत सांगितलं. त्या एवढंच म्हणाल्या, “विचार तिला, रिकामी कधी केली?” नातीने विचारलं. पहिलं मूल झालं तेव्हा, आजी म्हणाल्या. त्याच्या दुपट्यांना जागा हवी होती.

एक गोष्ट मात्र मनाला लागून राहिली आहे. बहुतेक बर्लिनकर भाड्याच्या घरांत राहतात. २०१५ पासून इथे भाड्याला लगाम आहे: ढोबळमानाने, नव्या करारात भाडं त्या भागातल्या तुलनेच्या भाड्यापेक्षा दहा टक्क्यांहून जास्त असू नये. तात्पुरत्या वापरासाठी दिलेली घरं त्यातून सुटतात. म्हणून रिकामी झालेली घरं चार खुर्च्या टाकून ‘सामानासकट, काही महिन्यांसाठी’ बाजारात येऊ लागली. आमचं पांढऱ्या भिंतींचं घर त्यातलंच असावं. तिथे आधी बहुधा कुणी वीस वर्षं राहिलं असेल, आणि आमच्यासारख्यांसाठी दुप्पट भाडं भरणारं ऑफिस तयार असल्यामुळे तसं कुणी तिथे पुन्हा राहू शकणार नाही. आम्हाला दुसरा मार्ग नव्हता, हे खरं. तरी ज्या शिबिरात माझा नवरा वाढला त्याची आठवण असलेल्या घरात या गोष्टीकडे काणाडोळा करता येत नाही. माणसाला वर्षानुवर्षं तात्पुरतं ठेवणं हा धंदा होऊ नये, मग तो सायनला असो की वेडिंगला.

पडदे आले. देव खिडकीच्या कट्ट्यावर बसले. सासूबाई जायच्या आधी त्यांनी नातीकडून भुयारी रेल्वेच्या स्टेशनांची नावं पाठ करून घेतली आणि एकट्या बाजारात जाऊन कोथिंबीर आणली. पुढे आम्हाला कायमचं घर मिळालं. इथल्या रिवाजाप्रमाणे ओटा नाही, दिवे नाहीत, छतातून नुसत्या तारा लोंबणाऱ्या. जुनं घर सोडताना लेकीने आणि मी एक कागद लिहून टेबलावर ठेवला: कचऱ्याच्या डब्यांचे रंग, कुलपाची किल्ली किती वेळा फिरवायची, इंग्रजी बोलणारे मुलांचे डॉक्टर, वाळूचा चौकोन, आणि शेजारच्या आजींचं दार.

नव्या पत्त्यावर पट्टी चिकटवली त्याच आठवड्यात बर्लिनच्या भाडेकरू संघटनेचे आम्ही सभासद झालो. ‘बर्लिनर मीटरफराइन’ ही संघटना १८८८ पासूनची. ओल्या घरांचे भाडेकरू तेव्हा याच रस्त्यांवर राहत होते. फोनवर सासूबाईंना सांगितलं. शिबिरातल्या रहिवाशांच्या समितीत त्या अनेक वर्षं होत्या, त्यामुळे अभिनंदन वगैरे न करता त्यांनी थेट विचारलं, “सभा कधी असते? आणि तुला भाषा येत नाही म्हणून मागे बसू नकोस.” पुढची सभा गुरुवारी आहे. लेकीची जर्मन आता माझ्या पुष्कळ पुढे आहे, ती बरोबर येणार आहे, आणि तात्पुरत्या घरांना भाड्याचा लगाम का लागू नाही हा प्रश्न आम्ही दोघींनी मिळून कागदावर लिहून ठेवला आहे.